मावशीच्या बाजूचे साहेब

माझी मावशी शर्टांना हातानं काजं करायची. आजूबाजूचे शिंपी शर्ट शिवून काज-बटणासाठी तिच्याकडे टाकून जायचे. तळमजल्यावरच्या खोलीत, खिडकीच्या उजेडाला बसून तिनं तीस वर्षं हेच केलं. तोंडाची फटकळ. शिंप्यांना सरळ सांगायची, "माझ्या काजांमुळे तुमची शिलाई झाकून जाते."

मालकानं खोली खाली करण्याचा दावा लावला, तेव्हा मात्र तिच्या तोंडाला कुलूप लागलं. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण हिला चढायला लावली होती. वकील करण्याची आमची ऐपत नव्हती. फुकट वकिलासाठी अर्ज दिला होता, त्याचं घोडं कुठं पेंड खात होतं कोण जाणे. तारखेला मी सोबत जाणार होते. रजा मिळाली नाही असं मी सांगितलं. खरं तर मी मागितलीच नव्हती.

संध्याकाळी ती खुशीत परतली. "कोर्टातले साहेब देवमाणूस गं! काळ्या कोटातले. मला बाकावर बसवलं, पाणी दिलं. म्हणाले, मावशी, जजसमोर घाबरत कशाला उभ्या राहता? इथं सही करा, मुदत मिळवून देतो."

"आणि जज?"

"त्यांनी विचारलं, राजीखुशीनं सही केली ना? मी म्हटलं, हो, या साहेबांनीच सगळं समजावलं."

मी कागद वाचला. तीन महिन्यांत खोली सोडायची, पुन्हा हक्क सांगायचा नाही.

"मावशी, तो मालकाचा वकील होता."

"चल, काहीतरीच! मालकाचा असता तर माझ्याशी इतकं गोड बोलला असता?"

पुढं एका ओळखीच्या वकिलानं कागद पाहिले. दाव्यात दम नव्हता, लढली असती तर खोली राहिली असती, म्हणाला. आता राजीखुशीची सही होती. मला मालकाचा आला नाही इतका माझाच राग आला.

तीन महिन्यांनी सकाळीच कोर्टाची माणसं आली. खाट, पेटी, बटणांचे डबे रस्त्यावर आले. अर्धी काजं झालेले कुणाचे तरी शर्ट छातीशी धरून मावशी उभी होती. तिनं माझा हात घट्ट पकडला.

"त्या कोर्टातल्या साहेबांना बोलाव ना गं," ती म्हणाली. "ते असते तर त्यांनी असं होऊ दिलं नसतं."