परकरावरचे थेंब

मंडळी, सकाळी उडालेला जीव दुपारी परत आला, म्हणून तुम्हाला सांगायला बसलो आहे.

पलटणीतून पेन्शनीवर आल्यापासून मी शिवणकाम शिकतो आहे. उद्या आमची नात देवीच्या देवळात कुमारिका म्हणून पूजेला बसणार. तिचा परकर मीच शिवायचे ठरवले, तेव्हा बायकोने आपल्या आईची एकुलती एक रेशमी साडी माझ्यापुढे ठेवली. रेशीम सुईखालून सारखे निसटायचे. तीन आठवडे लागले.

आज इस्त्री तापवली आणि पलटणीतल्या सवयीने तांब्यातले पाणी तोंडात घेऊन परकरावर फुर्रकन उडवले. थेंब वाळले, पण त्यांचे डाग तसेच राहिले.

"आवं, देवीच्या कापडावर थुकलात व्हय?" म्हणत बायको मटकन खाली बसली. डाग तर पडलेच, वर वस्त्र उष्टे झाले.

शेजारच्या राधाआत्या आपले रेशमी सोवळे रोज स्वतः धुतात. त्यांना परकर दाखवला, तर त्या हसायलाच लागल्या. "आरं बाबा, बाकीचं कोरडं ऱ्हायलं म्हणून डाग दिसत्यात. समदाच बुडीव की कृष्णंत!"

घाटावर हात जोडले आणि परकर पुरता बुडवला. सावलीत वाळल्यावर एकही डाग दिसेना. उष्टेपणही नदीने नेले, असे बायको म्हणाली. इस्त्री मात्र तिनेच केली; मला तांब्याजवळ फिरकू दिले नाही.

मी रोज देवापुढे बसतो, पण चार थेंबांपुरताच भिजतो, असे घाटावर वाटून गेले. तुमचे कसे आहे?