पत्राची मागची बाजू

"स्वल्प थांबा की. तो काय म्हणतोय ते पुरतं वाचू द्या."

हे वाक्य मी दिवसातून दहादा तरी ऐकायचो. 'स्वल्प' म्हणजे कन्नडात जरासं. आमच्या अक्का असं म्हणायच्या आणि चष्मा कपाळावर सरकवून, स्क्रीनच्या अगदी जवळ जाऊन, ओळीखाली बोट धरून ओठांतल्या ओठांत वाचायच्या. काचेवर बोटांचे ठसे उमटायचे. संध्याकाळी निघताना पदराने ते पुसायच्या.

आमचं काम आधी सांगतो. रात्री उशिराच्या गप्पांच्या कार्यक्रमात एखाद्या नटाची मुलाखत तुम्ही पाहिली असेल. सकाळी तिचे तुकडे फोनवर आले, की त्याखाली तुम्हीही कधी दोन ओळी लिहिल्या असतील. त्या दोन ओळी कुणीतरी वाचतं. इंदिरानगरातल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही पंधराएक माणसं तेच करत होतो. कौतुक एकीकडे, शिव्या दुसरीकडे, आणि जाहिराती वगैरे फालतू मजकूर तिसरीकडे. तिसऱ्या खणात टाकलेलं लोकांना दिसेनासं व्हायचं. या तिन्ही खणांना इंग्रजी नावं होती, पण अक्कांनी त्यांची गोड, तिखट आणि कचरा अशी नावं पाडली होती आणि शेवटी सगळे तीच वापरायला लागले.

सगळे त्यांना अक्काच म्हणत. पन्नाशी उलटलेली, आमच्यात एकटी साडी नेसणारी बाई. घराणं मराठी, पण इतक्या पिढ्यांपासून बंगळुरात, की पुणं त्यांनी उभ्या जन्मात एकदाच पाहिलं होतं आणि ते त्यांना फारसं आवडलं नव्हतं. मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही वाचता यायचं म्हणून ही नोकरी मिळाली. नवरा बरीच वर्षं अंथरुणाला खिळून होता आणि गेला, एवढं आम्हाला माहीत होतं. बनशंकरीहून मेट्रोने यायच्या, मॅजेस्टिकला गाडी बदलून. मला नावाने कधीच हाक मारली नाही. "या पुणेकर, आज तरी जेवून आलात का?"

एकदा कुणीतरी एका मुलाखतीखाली नुसतं 'हं' असं लिहिलं होतं. एवढंच. अक्का त्यावर पाच मिनिटं अडून बसल्या.

"गोड म्हणावं की तिखट?"

"अक्का, टाका कुठेही. अजून चारशे बाकी आहेत."

"असं कसं? माणूस कंटाळलाय बघा. घरी बोलायला कुणी नसेल." आणि 'हं' गोडात टाकलं.

मी हसायचो. माझं काम भराभर आणि चोख आहे असा मला तेव्हा फार गर्व होता. त्या वर्षी मला तपासनीस केलं होतं, म्हणजे इतरांनी लावलेल्या खणांतल्या काही ओळी मी पुन्हा बघायच्या आणि चुका दुरुस्त करायच्या. दर आठवड्याला प्रेक्षक काय मागतायत याचं एक पानी टिपण कार्यक्रमाच्या मुंबईच्या लोकांना जायचं, तेही मीच करायचो.

आता त्या नटाचं. आपला मराठी नट, पुढे हिंदीत मोठा झालेला. त्याची मुलाखत आली तेव्हा अक्का म्हणाल्या, "तो माझ्याकडं द्या." त्या आपण होऊन काही मागत नसत, म्हणून ते लक्षात राहिलं. वाटलं, आवडत असेल.

मुलाखतकाराने त्याला विचारलं, सर्वांत विचित्र चाहता कोण? नट खुर्चीत मागे रेलला. म्हणाला, बंगळुराची एक बाई आहे. कित्येक वर्षं वर्षातून चारदा पत्र पाठवते आणि सोबत एक तपकिरी पूड. माझ्या सेक्रेटरीला वाटलं करणीबिरणी आहे. त्याने ती कुंडीत ओतली आणि झाड मेलं! प्रेक्षक खदाखदा हसले. आणि पत्रं? "खोकं आहे एक घरात. कोण उघडणार?" मुलाखतकार उठून उभाच राहिला. म्हणाला, पुढच्या वेळी एक पत्र घेऊन या, इथे सगळ्यांसमोर फोडू.

तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो, ती बाई म्हणजे आमच्या अक्का. मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी माझ्या जागेवर बसून झाड मेलं तो तुकडा दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा मोठ्याने हसलो. माझ्या शेजारच्या खुर्चीत अक्का ओळीखाली बोट धरून वाचत होत्या.

लोकांनी काय काय लिहिलं! पूडवाली बाई. चेटकीण. माझ्याही झाडाला पाठवा. आणि त्याखाली हजारोंनी एकच मागणी, पत्र फोडा, पत्र वाचा, कधी वाचताय. दिवसभर ते येत राहिलं आणि अक्का दिवसभर वाचत राहिल्या. डबासुद्धा उघडला नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "आज उपास." तो त्यांच्या उपासाचा वार नव्हता, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

सोमवारी मी त्यांचं काम तपासायला घेतलं. चेष्टा करणाऱ्या ओळी त्यांनी जशाच्या तशा ठेवल्या होत्या. चेटकीणही नीट तिखटात होती. पण पत्र वाचा, पत्र फोडा असं म्हणणारी एकूण एक ओळ कचऱ्यात होती. इतकी वर्षं 'हं'वर अडणारी बाई, आणि तिच्याकडून ही चूक. मला गंमतच वाटली.

"अक्का, हे काय? पत्र वाचा म्हणजे कचरा?"

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. मग म्हणाल्या, "पत्र कुणाचं आहे? तिला कुणी विचारलं का?"

"अहो, खूश होईल ती बाई. टीव्हीवर येईल. फेमस!"

"पुणेकर," त्या म्हणाल्या, "असू द्या की तसंच."

एवढंच म्हणाल्या. पुन्हा म्हणाल्या नाहीत. मला वाटलं चूक दाखवली म्हणून वाईट वाटलंय, आणि मी उदार होऊन साहेबांना त्यांचं नाव सांगितलं नाही. पण ओळी दुरुस्त केल्या. तासभर लागला. सगळ्या कचऱ्यातून काढून लोकांना दिसतील अशा केल्या आणि टिपणात पहिल्या क्रमांकावर लिहिलं, पत्र वाचावे अशी प्रेक्षकांची जोरदार मागणी. त्याबद्दल मुंबईहून शाबासकी आली. साहेबांनी ती सगळ्यांसमोर वाचून दाखवली आणि अक्कांनीही टाळ्या वाजवल्या.

त्यांनी मला तेव्हाच का सांगितलं नाही, असं तुम्ही विचाराल. मीही विचारतो. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? शेजारी बसून हसणाऱ्या माणसाला, ती चेटकीण मीच, असं?

पुढच्या कार्यक्रमात नट लिफाफा घेऊन आला. सकाळी तो तुकडा आमच्याकडे आला. अक्कांनी इअरफोन घातला, मीही घातला.

सुरुवातीला नट आवाज काढून वाचत होता. बाईच्या मराठीत कन्नड शब्द आले की डोळे मिचकावायचा. पूड कषायाची, म्हणजे काढ्याची होती. धने, जिरे, सुंठ, मिरे भाजून केलेली. अमुक चित्रपटात तुमचा आवाज बसलेला वाटला, म्हणून पाठवते, अर्धा चमचा दुधात उकळून गूळ घालून घ्या, स्वल्प बरं वाटेल. प्रेक्षक हसत होते. पुढे लिहिलं होतं, 'आमच्या यांना आता बोलता येत नाही. संध्याकाळी मी तुमची वाक्यं यांच्यापुढं म्हणून दाखवते. तुमच्यासारखं जमत नाही. ते हसतात की रडतात, मला कळत नाही.'

हसणं थांबलं. नटाचाही आवाज पुन्हा त्याचा स्वतःचा झाला. त्याने पान उलटलं, वर पाहिलं, पुन्हा पानाकडे पाहिलं आणि डोळ्यांवर हात ठेवला. मुलाखतकार हलकेच म्हणाला, राहू दे, उरलेलं पुढच्या वेळी. आणि जाहिराती लागल्या.

'स्वल्प' ऐकलं तेव्हाच मला अक्का आठवल्या होत्या. नवऱ्याचं ऐकलं तेव्हा शंकाच उरली नाही. मी मान वळवली. शेजारच्या खुर्चीत कुणी नव्हतं. इअरफोन टेबलावर होता आणि त्यातून जाहिरातीचं गाणं बारीक ऐकू येत होतं. दाराशी बसणाऱ्या सुरक्षारक्षकाला त्या सांगून गेल्या होत्या, बरं वाटत नाही, घरी जाते.

आता प्रतिक्रिया बदलल्या. चेटकीण म्हणणारेच आई म्हणायला लागले. रडणारे चेहरे, हात जोडलेले, लाल बदाम. आम्ही चुकलो, माफ करा. आणि त्यांच्यापाठोपाठ, उरलेलं पत्र कधी? शोधा या माउलीला! बनशंकरीची आहे, लिफाफ्यावर दिसलं! लोक प्रेमाने लिहीत होते, खरंच प्रेमाने, आणि मला ते वाचताना चेटकीणपेक्षा जास्त भीती वाटत होती.

रविवारी मी बनशंकरीला गेलो. ऑफिसच्या यादीत पत्ता होता. मनाशी ठरवून गेलो होतो, सांगायचं की ते मी केलं, तुम्ही लपवलेलं मी उघडं केलं. पाय धरायचे.

तळमजल्यावरच्या दोन खोल्या. अक्कांनी दार उघडलं आणि नेहमीसारखंच म्हणाल्या, "या पुणेकर, जेवून आलात का?" कॉफी केली. भिंतीवर नवऱ्याचा फोटो होता. नटाचा एकही नव्हता.

कॉफी हातात देऊन समोर बसल्या. "कुठवर वाचलं?"

"म्हणजे?"

"मी ते रडतात की हसतात तिथं कानातलं काढलं. पुढं काय वाचलं?"

"पुढे काही नाही. पान उलटलं आणि थांबला. मुलाखतकार म्हणाला, उरलेलं पुढच्या वेळी."

"मागची बाजू नाही वाचली? खरं सांगा."

"नाही, अक्का."

त्यांनी डोळे मिटले. ओठ हलत होते. ते पत्र त्यांना पाठ होतं, आणि त्या मागची बाजू मनात वाचत होत्या असं मला वाटलं. मग म्हणाल्या, "यांना कधी सांगितलं नाही ते तिथं लिहिलंय. कुणाला तरी सांगायला पाहिजे होतं, म्हणून. तो लांबचा माणूस. वाचेल, विसरेल, असं वाटलं. एवढी वर्षं गेली, वाचलंच नाही म्हटल्यावर हसू आलं बघा मला. बरंच झालं म्हटलं. आणि आता..."

मी कप खाली ठेवला.

"यांची बहीण आहे, पुतणे आहेत. ते कार्यक्रम बघतात. मागचं वाचलं तर मला तोंड दाखवायला जागा नाही. तुम्ही आहात ना तिथं? त्यांना कळवा की. तेवढं वाचू देऊ नका."

ही बाई माझ्याकडे मागत होती. ज्याने ते पत्र टीव्हीपर्यंत पोचवलं त्याच्याकडेच. सांगायची वेळ तीच होती. मी म्हणालो, "नाही वाचू देणार, अक्का."

"सरी, ठीक आहे," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा इतका मोकळा झाला, की मग माझ्या तोंडातून ते निघेचना. मी कॉफी पिऊन परत आलो.

सोमवारी साहेबांना म्हणालो, उरलेलं पत्र वाचू नये असं मुंबईला कळवू या. त्यांनी विचारलं, कारण? अक्कांचं नाव न घेता सांगण्यासारखं कारण माझ्याजवळ नव्हतं. मी थेट मुंबईला लिहिलं. उत्तर आलं नाही. टिपणातून ती मागणी गाळली, तर साहेबांनी स्वतः भरली. त्या आठवड्यात कार्यक्रमाला सुट्टी होती. अक्का कामावर आल्या नाहीत, आणि नंतर त्यांचा फोनही लागेना. काय सांगायचं ते सुचत नव्हतं, म्हणून बनशंकरीला जायचं मी टाळत राहिलो.

आणि मग काय झालं? काहीच नाही. त्या नटाचं आणि एका दिग्दर्शकाचं भांडण झालं, ते सगळीकडे गाजलं, आणि लोक पत्र विसरले. आई, माउली, माफ करा, सगळं दोन आठवड्यांत आटलं. मुंबईहून निरोप आला, पत्राचा विषय बंद, ते पत्रही खोक्यासकट नटाने टाकून दिलं. मी वाचवलं नाही. कुणीच वाचवलं नाही. कंटाळले, एवढंच.

तरी मी त्या दिवशी अर्धी रजा टाकून मेट्रोने निघालो. एवढा आनंद मला नोकरीतल्या कुठल्याच बातमीने झाला नव्हता. आधी हे सांगणार होतो आणि मग माझं.

दाराला कुलूप होतं. वरच्या मजल्यावरच्या बाई कठड्यावरून वाकून म्हणाल्या, "खाली माडिदरु." घर खाली केलं. फोनवर चित्रीकरण करणारी दोन-तीन टोळकी गल्लीत येऊन पूडवाली आजी कुठे राहते म्हणून दुकानांतून विचारत फिरत होती. तिसऱ्या दिवशी अक्कांनी सामान बांधलं. कुठे गेल्या? धारवाडकडे कुणी आहे म्हणत होत्या. पत्ता? "गोत्तिल्ला," म्हणाल्या. माहीत नाही.

ऑफिसात त्यांच्या खुर्चीवर आता दुसरी मुलगी बसते. भराभर काम करते. धारवाडचं कुणी भेटलं की मी विचारतो, पण पत्त्याशिवाय कुणाला शोधणार?

पत्रांचं ते खोकं कचऱ्यात गेलं आणि मागची बाजू आता कुणी वाचणार नाही, हे अक्कांना माहीत नाही. त्यांना एवढंच माहीत आहे, की उरलेलं पुढच्या वेळी वाचू असं तो मुलाखतकार म्हणाला होता. तो कार्यक्रम अजून दर शुक्रवारी लागतो.