गाईड मॅडम आणि म्हाताऱ्या माश्या

माशी दिसली की हात उगारणारी माणसं जगात पुष्कळ. तिच्या म्हातारपणाची काळजी करणारं माणूस मी एकच पाहिलं, ते म्हणजे आमच्या गाईड मॅडम. माझं पीएच.डी.चं काम त्यांच्या प्रयोगशाळेत चाले. तिथं काचेच्या नळ्यांत फळमाश्या असत आणि त्यांच्यासाठी मॅडम मक्याच्या पिठाची गूळ घातलेली लापशी शिजवत. बाजारात ढेप स्वतः चाखल्याशिवाय घेत नसत. "घरात कार्य हाय काय?" असं दुकानदारानं एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "माश्यास्नी पायजे. असला काळा गूळ त्या न्हाईत खायच्या!" सूक्ष्मदर्शकाखाली माश्या निवडताना नर म्हणजे 'पावणं' आणि मादी म्हणजे 'वैनी'. लग्नकार्यातही ही सवय सुटायची नाही. जिना चढणारं वयस्क जोडपं दिसलं की माझ्या कानात हळूच, म्हणजे अख्ख्या कार्यालयाला ऐकू जाईल असं सांगत, "बघ, वैनी पोचल्या, पावणं अजून कठड्यालाच!"

माझा विषय डोपामीनचा. मेंदूतलं हे रसायन वाढवलं तर म्हातारी माशी नळीत किती चपळ चढते, ते पाहायचं होतं. वर्षभर राबले, पण औषध दिलेल्या आणि न दिलेल्या माश्यांत काडीचा फरक दिसेना. शेवटी एका दुपारी सांगून टाकलं, "मॅडम, मी सोडते. घरी स्थळं बघायला लागलेत."

त्यांनी माझे आकडे पाहिले आणि कडाडल्या, "नर-मादी एकत्र मोजलीस व्हय गं? सासू-सासऱ्याचं रक्त एका बाटलीत घालून तपासतंय का कोण?"

आणि नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या त्या बाई माझ्याशेजारी स्टूल ओढून बसल्या. पुन्हा माश्या वाढवल्या. नर वेगळे, माद्या वेगळ्या. त्याच औषधानं म्हाताऱ्या माद्या तुरुतुरु चढू लागल्या, नर मात्र उलट लवकर थकले. एकत्र मोजताना एकाची घट दुसरीच्या वाढीत बुडून गेली होती! मॅडमनी अशी आरोळी ठोकली की शेजारच्या विभागातले लोक धावत आले.

"पण असं का होतं?" मी विचारलं.

"मला काय म्हाईत? आता तूच शोध की!"

मी अजून तेच शोधते आहे. आमच्या घरी येऊन वडिलांना "पोरीचं काम मधीच थांबवू नका" असं बजावणाऱ्याही त्याच. आता त्या हातकणंगल्याला भावाकडे असतात. ऐकू कमी येतं. परवा फोन केला आणि बरीच वर्षं मनात होतं ते एका दमात बोलून टाकलं, की मॅडम, तुम्ही होता म्हणून मी इथवर आले. पलीकडून तोच मोठा आवाज आला, "व्हय, व्हय, घरातच हाय मी. कवा येतीस? जेवायलाच ये."