चेटकिणीचा शाप आणि विहिणीची साडी

माझ्या आईच्या आवाजाला जगभरातली माणसं घाबरतात. आमच्या घरात ही बातमी जुनी आहे.

लग्नाआधी मी नागपुरातल्या एका छोट्या कंपनीत कॉम्प्युटर गेमसाठी आवाज तयार करायचो. एका गेममध्ये राजपुत्र, राक्षस, जादूची तलवार, सगळं जमलं होतं. अडलं होतं ते चेटकिणीच्या शापावर. साहेबांना तो कुणालाच न कळणाऱ्या भाषेत हवा होता. त्याच आठवड्यात आई माझ्या लग्नाच्या साड्या घ्यायला गांधीबागेत निघाली. मी पिशव्या उचलायला, आणि बाजाराचा गलबला टिपायला म्हणून खिशात रेकॉर्डर! ऑफिसात येऊन आईची घासाघीस उलटी वाजवली आणि साहेबांच्या अंगावर काटा आला. (सुलटी ऐकून दुकानदाराच्याही आला होता.)

गेम आता जुना झाला, पण त्याचे भक्त अजून आहेत. तो शाप कोणत्या प्राचीन भाषेतला यावर ते भांडतात. काहींना तर तो तोंडपाठ आहे. परवा त्यातल्याच एका परदेशी पोराने गेमच्या पडद्यामागच्या गमतींचा व्हिडिओ काढला आणि आडनावाची वाट लावून का होईना, माझं नाव घेतलं. मग काय! रविवारी सासूबाईंना काटोलहून मुद्दाम बोलावलं आणि आईशेजारी टीव्हीसमोर बसवलं. सासूबाई आईने लग्नात दिलेली मानाची साडी नेसून आल्या होत्या.

"अख्ख्या गांधीबागेत अशी दुसरी नव्हती," आई नेहमीप्रमाणे म्हणाली.

माझं नाव आलं. मी कॉलर ताठ केली. "आता हा शाप उलटा वाजवून पाहू," असं तो पोरगा म्हणाला, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रिमोट सापडेपर्यंत टीव्हीतून आई खणखणीत बोलू लागली होती.

"भारी नको दाखवू गा भाऊ, विहिणीले द्याची हाय. साधीच दे, फक्त चमकली पाह्यजे. काटोलच्या लोकायले काय समजते त्यातलं?"

आई एकाएकी कूलरकडे बघू लागली. "ही बहुधा एखादी प्रार्थना असावी," तो पोरगा भक्तिभावाने म्हणाला. माझ्या एका नावापायी दोन विहिणींचं इतक्या वर्षांचं सख्य बुडालं, असंच मला वाटलं.

सासूबाईंनी पदर चाचपला. "मले पहिल्याच धुण्यात समजलं होतं. सारा रंग बादलीत."

"मंग नेसता काहून?" आईने कसंबसं विचारलं.

"तुमच्यासमोर नेसलं की तुमचा जीव खालीवर होते, मले बरं वाटते. अन् मी तुम्हाले दिलेली तरी कुठं रेशमी हाय?"

दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. माझा जीव भांड्यात पडला, मीही पोट धरून हसलो. त्या नादात टीव्ही बंद करायचा राहून गेला आणि त्या पोराने शापाचा पुढचा भाग उलटा लावला.

"पोरगा काय करते, काकू?" टीव्हीतला दुकानदार विचारत होता.

"काई नाही गा, कॉम्प्युटरमधी भुताचे आवाज काढून राहिला. पोरीवाल्यायले इंजिनिअर सांगितलं हाय."

सासूबाई हळूच माझ्याकडे वळल्या. "साडी मले पहिल्याच धुण्यात समजली होती, जावईबापू. तुम्ही आज समजले."

जगभरातल्या त्या भक्तांना एवढंच कळवायचं आहे, की शाप खरा आहे आणि तो लागतो.