विहीणबाईंची शीट

रविवार, पाडव्यानंतरचा पहिला. सकाळी दहा. जागा: आमच्या बचत गटाचा शेळ्यांचा गोठा, लिंबाखाली. हजर: गटातल्या चौदा जणी, सचिव म्हणून मी, कौसाबाईचा नवरा (आमंत्रण नसताना), एक लॅपटॉप, आणि माझी विहीण. गैरहजर: वीज, नेहमीप्रमाणे. विषय: करडांची वाटणी.

इतिवृत्ताच्या वहीत मी त्या दिवशी एवढंच आणि एका ओळीचा ठराव लिहिला होता. पुढचं लिहायला हात उचलला नाही, कारण पुढे जे घडलं ते आधी माझ्याच डोक्यात बसेना. ते आता लिहिते आहे. पण त्याआधी माझी विहीण काय चीज आहे ते सांगायला हवं.

माझ्या विहिणीइतकं नेटकं माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात दुसरं नाही. हे मी बोलते आहे याला वजन आहे. मी अंगणवाडीत सव्वीस वर्षं काढली. वजनाचं रजिस्टर, पोषण आहाराचं रजिस्टर, लसीकरणाचं रजिस्टर, आणि रजिस्टरं कुठे ठेवली याचंही एक रजिस्टर माझ्याकडे होतं. माझ्या पर्समध्ये आजही तीन याद्या असतात. माझ्यासारखी मीच, अशी माझी समजूत होती. लेक गावातच दिली, या बाईंच्या घरात, आणि समजूत गळून पडली.

आमचा तालुका शिरूर कासार. दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला जातं, ते गुढीपाडव्याच्या आसपास परत येतं. जाताना शेळ्या नेता येत नाहीत. त्या मागे राहणाऱ्यांकडे अर्धलीने ठेवायच्या, म्हणजे तोवर जी करडं होतील त्यातली निम्मी सांभाळणाऱ्याची, निम्मी मालकाची. पूर्वी हा सगळा कारभार तोंडी चाले आणि पाडव्यानंतर पंधरा दिवस गावात भांडणांचा हंगाम असे. विहीणबाईंच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या शेरडं-मेंढरं, त्यामुळे सांभाळायला सगळ्यात जास्त शेळ्या त्यांच्याकडेच, आणि भांडणंही. एका वर्षी त्यांनी ठरवलं, की बास. माझ्या जावयाने नोकरीच्या ठिकाणाहून एक जुना लॅपटॉप घरी आणून टाकला होता, तो त्यांनी फडक्यात बांधला आणि एसटीने तालुक्याच्या कॉम्प्युटर क्लासला गेल्या. नातवंडांच्या वयाच्या पोरींच्या रांगेत बसल्या. सरांनी विचारलं, "मावशी, तुम्हाला कशाला शिकायचंय हे?" म्हणाल्या, "शेळ्या मोजायला. तुमी शिकवा, कावून ते इचारू नका."

इंग्रजी त्यांना येत नाही, पण त्याने काही अडलं नाही. प्रत्येक गोष्टीला त्यांनी आपलं नाव दिलं. शीटमधली चौकट म्हणजे खण. बेरजेची Σ ही खूण म्हणजे मोडकी खाट. खण अरुंद पडला की आकड्याच्या जागी ज्या जाळीच्या खुणा येतात, त्या म्हणजे कुंपण. "आकडा कुंपणात अडकलाय, जरा खण रुंद करा," असं त्या म्हणत, आणि आकडा खरोखरच बाहेर येई. त्यांच्या फाईलीत तीन पानं होती: माणसं, शेळ्या आणि लस. प्रत्येक शेळीच्या कानात पिवळा बिल्ला, बिल्ल्यावर नंबर. एका पानावर नंबर टाकला की दुसऱ्या पानावरून तिची सगळी कुंडली हजर. या सूत्राचं नाव 'शोधून आण'. "कुत्र्याला बी जमंना इतकं झटक्यात आणतंय बगा," असं त्या अभिमानाने सांगायच्या. आमचे व्याही दिवसभर माळावर शेळ्या चारतात आणि वर्षातून चार वाक्यं बोलतात. त्यांतलं एक असं: "मला बी एखाद दिवशी बिल्ला मारती ही."

पण मशीनवर त्यांचा आंधळा विश्वास नव्हता. दिवस मावळायला कळप परत आला की त्या फाटकात उभ्या राहत, हाताने जोडीजोडीने शेळ्या आत सोडत, ओठातल्या ओठात मोजत. मग आत जाऊन लॅपटॉप उघडायचा. शीटचा आकडा आणि फाटकाचा आकडा जुळला तरच चुलीवर भात. एकदा एक शेळी कमी भरली. पाव्हणे जेवायला बसले होते, त्यात मीही होते. त्या उठल्या आणि माळावर गेल्या. तासाभराने एका ओल्या बाळंतिणीला आणि दोन करडांना घेऊन आल्या, हात धुतले, दोन करडांची नोंद केली, आणि मगच माझ्या ताटात भाकरी पडली. मला राग यायला हवा होता. खरं सांगते, मी ताटावरून उठून पाया पडायचीच बाकी होते.

वाटणीत तीन करडं दोघांत आली तर शीट दीड दाखवते. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, जाऊ द्या. या बाईंनी अर्धं करडू पुढच्या सालाला ओढलं. आमच्या गटात अशा बायका आहेत ज्यांच्या नावावर सलग तीन वर्षं अर्धं करडू उभं आहे. "आत्या, पुढचं अर्धं देनार का मागचं?" असं कोणी विचारलं की या गंभीरपणे म्हणत, "जे आधी खाईल ते."

गटाची सहल कपिलधारला गेली होती. धबधबा पाहिला, दर्शन झालं, जीप निघायच्या बेतात आली, तर यांनी ड्रायव्हरला चावी काढायला लावली. आम्ही दोघी सोडून जाताना चौदा जणी, येताना पंधरा. "एक जास्ती हाय." ड्रायव्हर म्हणाला, "कमी तर न्हाई ना? चला की." त्यावर त्या म्हणाल्या, "कमी असलं तर शोधता येतंय. जास्ती असलं तर काय करावं मानसानं?" शेवटी मागच्या सीटवर पाली गावची एक म्हातारी सापडली, तिला वाटलं होतं जीप तिच्याच गावाची आहे. तिला तिच्या माणसांत सोडल्यावर यांनी पुन्हा मोजलं. चौदा. मग चावी.

त्यांच्या घरी पाव्हण्यांच्या चहाचीही नोंद आहे. माझ्या नावापुढे लिहिलं आहे, 'साखर दीड, बशी नको'. मुलीच्या सासरी माझी एवढी काळजी कोणी घेतली असेल तर ती त्या खणाने.

तर त्या रविवारी काय झालं. वाटणी सुरू व्हायच्या आधीच कौसाबाईचा नवरा पुढे आला. त्यांच्या सहा शेळ्या गटात होत्या. त्याला त्या सगळ्या बाजारात विकायच्या होत्या. मोटरसायकल बघून ठेवलेली होती.

"काकू, शेळ्यांची दावी द्या माझ्या हातात."

कौसाबाई उठली. सहा महिने फडात उसाच्या मोळ्या वाहिलेली बाई, बोलली मात्र खाली बघत. "शेळ्या माझ्या हायत. बाळंतपणाला आईनं शेळीची पाट दिलती, तिचाच हा वेल हाय समदा."

"तुझ्या न् माझ्या काय त्यात? शीटमधे कुणाचं नाव हाय बगा की. काकूच म्हनत्यात, शीटमधे नाव त्याच्या हातात दावं."

हा नियम विहीणबाईंचाच. पाच वर्षांत तो एकदाही मोडला नव्हता, आणि म्हणूनच गावातली भांडणं थांबली होती.

त्या शांत होत्या. "दोघांची नावं हायत. वरतं तुजं, खालतं तिचं. दावते."

इथे थोडं मागे जायला हवं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाच्या वहीत माणसं नसतात, कोयते असतात. विहीणबाईंनी सुरुवातीला नवरा वरच्या खणात, बायको खालच्या खणात अशी नावं घातली होती. पुढे त्यांना ते दिसायला बरं वाटेना. कोयता एक, मग खण दोन कशाला? क्लासच्या पोरींकडून त्या दोन खणांचा एक करायला शिकल्या आणि एका दुपारी सगळे कोयते जोडून टाकले. प्रत्येक वेळी मशीन इंग्रजीत काहीतरी पाटी समोर धरत होतं. त्यांचा शिरस्ता असा, की पाटी आली की ओके दाबायचं, दारात पाव्हणा आला की 'या' म्हणतो तसं. बायकोचं नाव गोधडीखाली झाकलेल्या लेकरासारखं खाली सुखरूप आहे, असं त्यांनी धरलं होतं. मीही पाहिलं होतं तेव्हा, शेजारी बसून. म्हणाले होते, "किती सुटसुटीत दिसतंय!"

आता त्यांनी तो जोडलेला खण सोडवला. वर नवऱ्याचं नाव आलं. खाली काही नाही.

त्यांनी दुसरा सोडवला. खाली काही नाही. तिसरा, चौथा. लिंबाखाली बोटाची टकटक तेवढी ऐकू येत होती. चौदाही सोडवून झाले. चौदा पुरुष, प्रत्येकाच्या खाली एक पांढरा खण. त्या पाटीवर काय लिहिलं होतं ते मला तेव्हा कळलं: वरचं तेवढं ठेवतो, खालचं टाकतो, चालेल का? आणि आम्ही चौदा वेळा 'चालेल' म्हटलं होतं.

विहीणबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. एवढा वेळ त्यांना कशालाही लागलेला मी पाहिला नव्हता. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "लिवा, इहीणबाई. चूक माजी हाय. ठरावात लिवा."

मी लिहिलं. एकच ओळ.

"मंग दावी द्या," कौसाबाईचा नवरा म्हणाला. वाईट माणूस नाही तो. पण मोटरसायकल डोळ्यांसमोर होती.

"देत न्हाई. शीट आन फाटक जुळंना आज. जुळंपत्तुर एक बी शेळी फाटकाभाईर जानार न्हाई. तुजी न्हाई, माजी बी न्हाई."

असं म्हणून त्यांनी 'लस' हे पान उघडलं. जोडाजोडीच्या वेळी त्या पानाला त्यांनी हात लावलेला नव्हता, तिथले खण कोणी जोडले नव्हते. जो शेळी घेऊन टोचायला आला त्याचं नाव, एवढंच. बिल्ल्याचा नंबर टाकला. 'शोधून आण'. कौसा. पुढचा नंबर. कौसा. मागच्या पावसाळ्यात: कौसा. त्याच्या मागच्या: कौसा. सहाही शेळ्या, पाच वर्षं, वरून खालपर्यंत एकच नाव ओळीने उतरत गेलं. कौसाबाईला अक्षर लागत नाही. ती शेजारणीला विचारत होती, "काय आलं? काय आलं?" आणि शेजारीण प्रत्येक वेळी म्हणत होती, "तूच. परत तूच."

"लस टोचून कुणी मालक होतं व्हय?" नवरा पुटपुटला.

"न्हाई होत," विहीणबाई म्हणाल्या. "पर जे मालक असतंय ते लस टोचून आणतंय. तू सांग, तुज्या शेळ्यांला कंची कंची लस झाली? एक नाव सांग, सहाची दावी देते."

तो कौसाबाईकडे बघायला लागला. मागून कोणीतरी म्हणालं, "आता मोटरसायकलला लस टोचून आन की!" आणि चौदा जणी अशा हसल्या की गोठ्यातल्या शेळ्यांनी रवंथ थांबवून वर पाहिलं. तोही शेवटी हसला. दावी कौसाबाईच्या हातात गेली. पुढे तिने आपण होऊन दोन शेळ्या विकल्या आणि जुनी मोटरसायकल आली. ती मागे बसून जाते आणि कुठे थांबायचं ते तीच सांगते.

रिकामे खण भरायचे राहिले होते. लसीच्या पानावरून नावं उचलून आणणं मशीनला एका क्षणाचं काम, पण विहीणबाईंनी ते करू दिलं नाही. "नाव ज्याचं त्यानं द्यावं," म्हणाल्या. "आन आता एका खणात एकच. परत जोडाजोडी न्हाई." चौदा जणी रांगेने आल्या आणि आपलं नाव मोठ्याने सांगितलं. काहींनी लाजत सांगितलं. एकीने दोनदा सांगितलं, नीट घातलं का याची खात्री करून घेतली. कौसाबाईने आपल्या खणावर पडद्यावरच बोट ठेवलं.

तेव्हापासून विहीणबाईंनी इंग्रजीतली एकही पाटी वाचून घेतल्याशिवाय पुढे जाऊ दिली नाही. बोट मध्येच थांबवून मला हाक मारायच्या, "इहीणबाई, हे काय म्हनतंय?" यंदा त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी पडद्याकडे बघायचं नाही म्हणून सांगितलं आहे. लॅपटॉप माझ्याकडे आला. दिवस मावळायला मी फाटकात उभी राहते, मोजते, आकडा ओरडून सांगते. खाटेवरून आवाज येतो, "जुळलं का?" जुळलं म्हटलं की त्या कुशीवर वळतात.

परवा पान चाळताना दिसलं, एक खण अजून रिकामा आहे. गटात त्यांच्या स्वतःच्याही चार शेळ्या आहेत; त्यांचा कोयता नाही, म्हणून तो खण त्या चौदांत नव्हता. वर व्याह्यांचं नाव, खाली पांढरं. मी भरायला घेतलं आणि थांबले. लेकीच्या लग्नाच्या पत्रिकेत 'श्री. व सौ.' एवढंच छापलं होतं. माझ्या तीनही याद्यांत त्या 'विहीणबाई' आहेत. मला त्यांचं नाव माहीत नव्हतं.

खाटेजवळ जाऊन विचारलं.

त्या उठून बसल्या. मग म्हणाल्या, "आईबापानं ठिवलेलं एक हाय. लग्नात यांनी तांदळात लिवलं ते दुसरं. पयल्या नावानं हाक मारनारं आता कुनी ऱ्हायलं न्हाई, आन दुसऱ्यानं कुनी मारलीच न्हाई." डोळ्यांवरची हिरवी पट्टी त्यांनी हाताने चाचपली. "खणात एकच घालायचं म्हनलंय मी. इचार करून सांगते."

अजून सांगितलेलं नाही. मी रोज विचारते. खण मी तसाच ठेवला आहे, रुंद करून.