शेवटच्या बाकावर गायकवाड मॅडम

माझ्या तासाला गायकवाड मॅडम शेवटच्या बाकावर बसत. त्या आमच्या विभागप्रमुख, पण बसत पोरांमध्ये, आणि बघतही पोरांकडेच. दर पाच मिनिटांनी, कुणाचं लक्ष उडालं याची, वहीत एक ओळ लिहीत. तास संपला की वही माझ्यापुढे सरकवत. ‘दहा वीस : खिडकीकडचे तिघे गेले. दहा पंचवीस : मधली रांग गेली. दहा तीस : जाधव एकटाच उरला.’ जाधव म्हणजे मी.

ही दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट. भाईंदरच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवायचो आणि उरलेल्या वेळात आम्हा तासिकावाल्यांच्या संघटनेची पत्रकं लिहायचो. माझा मुद्दा सरळ होता, आजही आहे. शिकवायचं कसं हे शिकायला कायम प्राध्यापकांना तीन-तीन आठवड्यांची प्रशिक्षणं, भरपगारी. आम्हाला खडू आणि हजेरीपट. बरेच कायमवाले बढतीच्या प्रमाणपत्रासाठी जात आणि जेवण कसं होतं ते सांगत परत येत. मॅडम परत आल्या त्या ही वही घेऊन. म्हणाल्या, "तुला पाठवत नाहीत ना? मग मीच येऊन बसते."

"मॅडम, इन्स्पेक्शन चालू केलंत काय?" स्टाफरूममध्ये एकाने टोमणा मारला.

"तुमच्याकडेही येईन की. बोलवा."

कुणी बोलावलं नाही.

एकदा मागणी-पुरवठा शिकवताना मी अर्धा तास दलालांवर घसरलो. तास संपल्यावर मॅडमनी तारोडीच्या एका मुलीला थांबवलं. तिची आई मासळी विकायची.

"काय गं, मासळी कमी आली की काय होतं?"

"भाव चढतं. पन लय चढलं तं गिऱ्हाईक थांबत न्हाय. कोंबडी घेऊन जातं."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "पर्यायी वस्तू. जूनपासून तुझ्या वर्गात बसलीय. तू घोषणा देतोस, जाधव. विचारत नाहीस."

मग कायमची जागा निघाली. एकच. माझं ते तिसरं वर्ष. ही गेली तर पुढची कधी निघेल याचा नेम नव्हता. मुलाखतीत दहा मिनिटं शिकवून दाखवायचं होतं. समितीत मॅडम होत्या. मी रंगात आलो. सहाव्या मिनिटाला मॅडमनी विद्यार्थ्यासारखा हात वर केला.

"प्रश्न शेवटी घेऊ," मी म्हणालो.

हात खाली गेला. जागा दुसऱ्याला गेली.

मी मॅडमना जिन्यात गाठलं. "तुमचं मत काय पडलं?"

"विरोधात."

"तीन वर्षं राबतोय मी इथे."

"माहितीय. पण त्या जागेवर बसणारा तीस वर्षं बसतो. त्या पोरांनी कुणाला विचारायचं?"

मी पत्रक लिहिलं. ज्याला कधी शिकवायला शिकवलं नाही, त्याला शिकवता येत नाही म्हणून नापास करता? समितीतल्या ‘एका विभागप्रमुखांना’ थेट सवाल केला. छापण्याआधी ते मॅडमच्या टेबलावर ठेवलं, कारण पाठीमागून वार करणं मला जमत नाही. त्यांनी ते सावकाश वाचलं.

"मुद्दा बरोबर आहे. तुला तयार करणं कॉलेजचं काम होतं, ते झालं नाही. पण म्हणून मी तुला निवडायचं, हे नाही पटत."

मग पेन घेऊन त्यांनी ‘एका विभागप्रमुखांना’ खोडलं आणि वर स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. "आता छाप."

मी छापलं, फाटकाशी उभं राहून वाटलं. पुढच्या जूनला तासांच्या यादीत माझं नाव नव्हतं. प्राचार्यांनी काढलं होतं. ते राहू द्या म्हणून मॅडमनी लेखी दिलं होतं, हे मला ऑफिसातल्या शिपायाकडून कळलं.