वाक्याला वाक्य जोडून देणारे जगताप सर

संपादक मंडळींनी आधी मला माफ करावे. सरांच्या सत्काराच्या अंकासाठी लेख दिवाळीच्या आत मागितला होता आणि मी तो आता धाडतो आहे. माझे शिक्षण चौथीपर्यंतचे, पण उशीर त्यामुळे झाला नाही. जगताप सरांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत आणि नेमका आताच त्यांचा रविवारचा वर्ग बंद पडतो की काय, अशी धास्ती लागली आहे. लिहायला बसलो की हात थांबत होता.

सरांची ओळख नेकनूरच्या बसथांब्यावर झाली. माझी नात सारिका इंग्रजी निबंध पाठ करत उभी होती. शेजारच्या सद्गृहस्थांनी तो मागून घेतला, वाचला आणि मला विचारले, "आजोबा, हिनं काय लिहिलंय ते तुम्हाला कळलं का?" मी म्हणालो, मला इंग्रजी कुठे येते. तर म्हणाले, "मराठीत सांगू द्या तिला. तुम्हाला कळलं तर निबंध बरा." आमची बस निघून गेली, तरी बोलणे संपले नाही.

सर हायस्कुलातून निवृत्त झालेले. देवळाच्या मंडपात ते रविवारी फुकट इंग्रजी शिकवू लागले. त्यांची रीत अशी, की प्रत्येक मुलाने घरचे एक वडीलधारे माणूस सोबत आणायचे. मुलाने आपले एकेक वाक्य मराठीत सांगायचे आणि आम्ही विचारायचे, "बरं, मग?" पुढचे वाक्य परिणाम सांगते, उलट बाजू मांडते की दाखला देते, हे मुलाने आधी ठरवायचे. त्यानंतर सर देअरफोर, हाउएव्हर किंवा फॉर एक्झाम्पल यांतले योग्य ते सुचवीत. जिथे अर्थ आपोआप पुढे जातो, तिथे ते काहीच जोडू देत नसत. धनगरवाड्याचे सोपानराव इतक्यांदा "बरं, मग?" करीत, की त्यांचा नातू म्हणाला, "आबा, निबंध माझा हाय. तुमी कावून घाई करता?" सरही हसले.

माणूस म्हणूनही ते मोठे. माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनला ते बीडला सोबत आले आणि रांगेतल्या सगळ्या म्हाताऱ्यांना कोणता थेंब केव्हा घालायचा ते समजावीत बसले.

पण गेल्या महिन्यात घोटाळा झाला. बीडच्या एका क्लासमध्ये सराव परीक्षा होती. सारिका मैत्रिणीबरोबर जाऊन बसली. तिला गुण कमी पडले आणि खाली शेरा होता, की जोडणारे शब्द फार थोडे. मैत्रिणीने जवळजवळ प्रत्येक वाक्य मोरओव्हर नाहीतर ऑन द अदर हँड लावून सुरू केले होते. ती पहिली आली. माझा मुलगा बाळू घरात टोचून बोलू लागला. बरीच मुले सरांना सोडून त्या क्लासला गेली.

सर आमच्या घरी आले. बसलेही नाहीत. बाळूला म्हणाले, "पेपर तपासणाऱ्याला काय हवंय, ते मी पाहिलंच नाही. माझ्यामुळं पोरीचं नुकसान झालं असेल तर मला सांगा." या वयाच्या गुरुजींनी माझ्या पोरापुढे असे उभे राहावे, हे मला बघवेना.

सारिका आत गेली आणि दोन निबंध घेऊन आली, एक तिचा आणि एक मैत्रिणीकडून मागून आणलेला. कोणता कोणाचा ते न सांगता तिने पहिला बापाला मराठीत सांगितला. पाऊस कमी पडतो. शिवाय झाडे लावावीत. याउलट, पाणी हे जीवन आहे.

"याउलट कावून?" बाळू म्हणाला. "त्यात उलट काय हाय?"

तो पहिल्या नंबराचा निबंध होता. मग तिने आपला सांगितला. त्यात आमच्या शिवारातल्या विहिरीची हकीकत होती. बाळूने मध्ये एकदाही अडवले नाही. संपल्यावर म्हणाला, "त्या विहिरीचं पुढं लिहायचं न्हाई का?" सरांच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला. पण बाळू लगेच म्हणाला, "पटतंय, सर. पण मार्क कोण देणार?"

सर विचार करून कळवतो म्हणाले आणि गेले. तेव्हापासून रविवारी मंडप रिकामा आहे. सर गेवराईला लेकीकडे आहेत असे ऐकतो. फोन केला तर ते झोपले आहेत एवढेच कळते. बारावीची परीक्षा तोंडावर आली. येत्या रविवारी वर्ग भरला नाही तर बाळू सारिकाचे नाव बीडच्या क्लासात घालणार आहे. ती भांडत नाही, याचीच मला जास्त भीती वाटते. हल्ली तीही प्रत्येक वाक्याआधी मोरओव्हर लिहिते आणि मला वाचून दाखवत नाही.

सरांना उदंड आयुष्य मिळो, गुडघे दुखू नयेत, आवाज असाच खणखणीत राहो. सत्काराला मी येईनच; त्यासाठी तुमचे सरांशी बोलणे होतच असेल. पण मंडळींना हात जोडून विनंती आहे, की सर रविवारी येणार का, एवढे शनिवारच्या आत कळवा. येणार नसतील तर तेही कळवा. पोरीला मी सांगेन, सरांना ते सांगायला लावू नका.